जमिनीचे आणि कोर्टाचे जुने कागद कसे शोधायचे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातबारा मोबाईलवर आला, तरी “आजोबांच्या जमिनीचा कागद कुठे मिळेल?” हा प्रश्न काही थांबत नाही. तहसीलच्या आवारात, फोनवर, लग्नकार्यात लोक तोच विचारतात. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळी माहिती महाराष्ट्रापुरती आहे, गोव्यासाठी प्रश्न १७ पाहा. तलाठ्याचं सरकारी पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण लोक अजून तलाठीच म्हणतात, म्हणून इथेही तेच वापरलं आहे.

१. सातबारा, आठ-अ, फेरफार, प्रॉपर्टी कार्ड : कोणता कागद कशासाठी आणि कुठे?

सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि १२ एकत्र. जमीन कोणाच्या नावे आहे, क्षेत्र किती, आकार (म्हणजे शेतसारा) किती, इतर हक्क काय हे सातमध्ये असतं, आणि पिकं बारामध्ये. तो एका गटाचा असतो. आठ-अ एका खात्याचा असतो : त्या गावात त्या खात्यावर जेवढे गट, तेवढे एकाच उताऱ्यावर. फेरफार म्हणजे गाव नमुना ६. सातबारावर एखादं नाव का लागलं आणि का कमी झालं, याची हकीकत त्यात असते. हे तिन्ही तलाठ्याकडे, आणि जुने झाले की तहसीलच्या अभिलेख कक्षात.

नगर भूमापन झालेल्या हद्दीत मालमत्ता पत्रक असतं, त्यालाच लोक प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. ते आणि मोजणीचे नकाशे भूमी अभिलेख खात्याकडे मिळतात. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाकडे. दावा आणि हुकूमनामा न्यायालयात. निम्मी पायपीट होते ती चुकीच्या कार्यालयात कागद मागितल्यामुळे.

२. दुसऱ्याच्या जमिनीचा सातबारा मला बघता येतो का?

येतो. जमीन महसूल संहितेच्या कलम ३२७ प्रमाणे नकाशे आणि भूमी अभिलेख लोकांना पाहण्यासाठी खुले आहेत, रीतसर फी भरून नक्कलही मिळते. “तुमचा काय संबंध?” असं कोणी विचारलं तर हे कलम नम्रपणे सांगा. सगळेच दस्त मात्र असे खुले नसतात. त्यासाठी प्रश्न १३ आणि १५ पाहा.

३. मोबाईलवर फुकट दिसणारा सातबारा बँकेत का चालत नाही?

भूलेख संकेतस्थळावर फुकट दिसतो तो फक्त माहितीसाठी. त्यावर तसं छापलेलंही असतं. कामासाठी महाभूमीच्या डिजिटल सातबारा पोर्टलवरून डिजिटल सहीचा उतारा काढा. एका उताऱ्याला १५ रुपये पडतात. त्यावर क्यूआर कोड आणि पडताळणी क्रमांक असतो, त्यामुळे समोरच्याला तो खरा आहे का हे स्वतः तपासता येतं. त्यावर तलाठ्याचा वेगळा सही-शिक्का लागत नाही. आठ-अ आणि अलीकडचे फेरफारही तिथेच मिळतात.

४. मला फक्त गाव आणि आजोबांचं नाव माहीत आहे. गट नंबर नाही. सुरुवात कुठून करू?

भूलेखवर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की नावाने शोधायची सोय आहे. आधी फक्त आडनाव टाकून पाहा. संगणकात नावं भरताना “गणपती”चं “गणपत” झालेलं असतं, “बा” आणि “राव” कुठे लागलेले असतात, कुठे गळलेले. काही गावांत जुन्या नोंदीत आडनावच नाही, फक्त नाव आणि बापाचं नाव. म्हणून चुलत घराण्यातल्या, आज हयात असलेल्या माणसाच्या नावाने शोधा. त्याचा आठ-अ काढलात की त्याच्या खात्यावरचे गट कळतात, आणि शेजारच्या गटांत तुमच्या घरातली नावं दिसण्याची शक्यता बरीच असते. बांध एकच असतो.

५. आजच्या सातबारावर आजोबांचं नावच नाही. मागे कसं जायचं?

सातबारावर खातेदारांच्या नावांपुढे कंसात किंवा वर्तुळात एक आकडा असतो. तो फेरफार क्रमांक. उताऱ्याच्या खालच्या भागात जुन्या फेरफारांचे क्रमांकही ओळीने दिलेले असतात. बहुतेक लोक त्यांच्याकडे बघतसुद्धा नाहीत, आणि सगळी किल्ली तिथेच असते.

त्यातला सर्वांत अलीकडचा फेरफार काढा. त्यात “अमुक मयत, वारस अमुक” किंवा “अमुक तारखेच्या खरेदीखताने” असं कारण लिहिलेलं असतं, म्हणजे त्याआधी जमीन कोणाच्या नावे होती ते कळतं. मग त्या आधीच्या माणसाचं नाव कोणत्या फेरफाराने लागलं ते जुन्या सातबारावर पाहा आणि तो फेरफार काढा. असं एकेक पायरी मागे जायचं. हस्तलिखित सातबारा साधारण दहा वर्षांनी नव्याने लिहिला जायचा, म्हणून प्रत्येक पुनर्लेखनाच्या वेळचा उतारा मागायचा. जुने सातबारा, फेरफार आणि इतर नमुने स्कॅन करून “आपले अभिलेख” पोर्टलवर टाकले आहेत. तुमचा तालुका तिथे असेल तर तहसीलची फेरी वाचते.

या साखळीत १९५७ नंतरच्या नोंदींकडे खास लक्ष द्या. १ एप्रिल १९५७ हा कुळकायद्यातला कृषक दिन. त्या दिवसापासून कसणारं कूळ मालक मानलं गेलं. फेरफारात “कलम ३२ग प्रमाणे” असं दिसलं तर पुढचा कागद शेतजमीन न्यायाधिकरणाच्या प्रकरणात, म्हणजे तहसीलच्या कुळकायदा शाखेत शोधायचा. किंमत भरल्यानंतरचं ३२म चं प्रमाणपत्र मिळालं की कुळाच्या वारसाची बाजू भक्कम होते. ते घरच्या पत्र्याच्या पेटीत आहे का, हे आधी बघा.

६. जुन्या सातबारावर नावापुढे “एकुमॅ” लिहिलंय आणि नव्यावर नाही. याने काय फरक पडतो?

फार मोठा. एकुमॅ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन सगळ्या भावांची, पण सारा भरायला आणि सरकारदरबारी उभं राहायला थोरल्याचं नाव लावायचं, ही जुनी रीत. पुनर्लेखनात किंवा संगणकीकरणात हे तीन अक्षरांचं शेपूट गळलं की थोरला भाऊ एकटा मालक दिसायला लागतो. पुढे त्याच्या पश्चात त्याच्याच मुलांची वारसनोंद होते आणि धाकट्यांची घरं कागदावरून पुसली जातात. कोणी कट केलेला असतोच असं नाही, पुष्कळदा तो लेखनिकाच्या घाईचा परिणाम असतो. पण भोगतं ते सबंध घर.

म्हणून एकुमॅची नोंद ज्या फेरफाराने आली तो फेरफार आणि एकुमॅ दिसणारा शेवटचा उतारा, या दोन्हींच्या सही-शिक्क्याच्या नकला काढून ठेवा. तसंच “अपाक” म्हणजे अज्ञान पालनकर्ता : मूल सज्ञान झाल्यावर पालकाचं नाव कमी व्हायला हवं होतं, ते झालं का पाहा.

तिसरी गोष्ट बहिणींची. जुन्या वारस फेरफारांत मुलांची नावं कब्जेदार सदरी, म्हणजे जमीन धारण करणाऱ्यांच्या रकान्यात, आणि मुलींची “इतर हक्कात” लावत. आत्याचं किंवा आजीचं नाव सातबारावर दिसत नाही म्हणून तिचा हक्क नव्हता असं धरू नका. मूळ वारस फेरफार उघडा, तिथे ती बहुधा सापडते.

७. घरातल्या खतावर सर्व्हे नंबर आहे, आता सगळे गट नंबर सांगतात. जोड कशी लावायची?

१९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली ज्या गावांत एकत्रीकरण योजना राबवली, तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्याची जोड एकत्रीकरणाच्या योजना पत्रकात असते. कार्यालयात त्याला “नऊ-तीन नऊ-चारचा उतारा” म्हणतात, आणि तो तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडे मिळतो. कोणत्या सर्व्हे नंबरच्या कोणत्या हिश्श्याचा कोणता गट झाला, कोणाला दिला, हे त्यात कळतं.

क्षेत्र जुळत नसेल तर तिथूनच आकारफोड, कमी-जास्त पत्रक, गुणाकार बुक आणि टिपण मागा. मोजणीच्या वादात सातबारापेक्षा हे कागद जास्त बोलतात.

८. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज कसा करायचा? मला दोनदा “सापडत नाही” म्हणून परत पाठवलं.

अभिलेख कक्षातले गठ्ठे माणसाच्या नावाने लावलेले नसतात. लाल कापडात बांधलेला गठ्ठा असतो गावाचा, त्यात नमुन्याची पुस्तकं, त्यात वर्ष आणि क्रमांक. “माझ्या आजोबांच्या जमिनीची सर्व कागदपत्रं द्या” असा अर्ज आला तर तिथला कारकून कितीही चांगला असला तरी कुठला गठ्ठा उघडणार? अर्ज असा लिहा : “मौजे अमुक, तालुका अमुक येथील गाव नमुना ६ मधील फेरफार क्रमांक ४१२ व गाव नमुना ७/१२, सर्व्हे नंबर ८३, सन १९५६ ते १९६६, यांच्या प्रमाणित नकला मिळाव्यात.” क्रमांक दिला की काम पुढे सरकतं.

अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि आवक क्रमांकाचा शिक्का असलेली पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजा. क्रमांक माहीतच नसेल तर आधी पाहणीसाठी अर्ज करा, कर्मचाऱ्यासमोर पुस्तक चाळा, क्रमांक टिपा, मग नकलेचा अर्ज टाका. गाव पूर्वी दुसऱ्या तालुक्यात होतं का, हेही घरच्या जाणत्या माणसाला विचारा. तालुक्यांची फाळणी झाली तेव्हा काही दप्तर नव्या ठिकाणी गेलं, काही जुन्यातच राहिलं.

९. “अभिलेख उपलब्ध नाही, जीर्ण झाला” असं सांगतात. मग?

तोंडी उत्तर घेऊन घरी जाऊ नका. लेखी मागा. देत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा : १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि उत्तराची मुदत ३० दिवस. त्यात तीन गोष्टी विचारा. हा अभिलेख कोणत्या वर्गाचा? नष्ट केला असेल तर नष्ट केल्याची नोंद आणि आदेशाची प्रत द्या. गहाळ असेल तर काय कार्यवाही केली? “अ” वर्गाचे अभिलेख कायम जपायचे असतात, आणि फेरफारासारखा हक्काचा कागद रद्दीत घालायचा अधिकार कोणालाच नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ मध्ये अभिलेख बेकायदा नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. अर्जात या कायद्याचा उल्लेख आला की पुष्कळदा न सापडणारं पुस्तक सापडतं.

दुसरीकडून त्याच मजकुराची प्रतही शोधा. फेरफार खरेदीखतावरून झाला असेल तर दस्त दुय्यम निबंधकाकडे आहे (प्रश्न १२). वाटणीच्या हुकूमनाम्यावरून असेल तर न्यायालयात. जुन्या दाव्यात किंवा सोसायटीच्या कर्ज प्रकरणात त्याची नक्कल जोडलेली असते. कागद एका जागी जळाला तरी त्याची सावली दुसऱ्या कार्यालयात राहते.

१०. आम्ही मराठवाड्यातले. इकडे नावंच वेगळी आहेत. विदर्भाचं काय?

मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे जुनं दप्तर बरंचसं उर्दूत आहे. तिथे सेतवार आणि १९५४-५५ चं खासरा पत्रक हे मुळाकडे जाणारे कागद. पूर्व विदर्भात बंदोबस्त मिसल आणि अधिकार अभिलेख पंजी मागा. गावाच्या सामायिक हक्कांसाठी, म्हणजे जळण, चराई, पाणवठा, वाट यांसाठी निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. कोकणात फैसलपत्रक आणि बोटखत. पश्चिम महाराष्ट्रात सातबाराच्या आधीचं कडईपत्रक आणि पाहणीपत्रक. अर्जात त्या भागातलं नाव लिहा.

मोडीतला कागद हाती आला तर तसाच नक्कल म्हणून घ्या आणि जाणकार लिप्यंतरकाराकडून देवनागरी प्रत करून घ्या. इनाम, वतन, देवस्थान अशी अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली बाब असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, तिथे विचारा.

११. जातीच्या दाखल्यासाठी जुना पुरावा हवा. सातबारावर जात असते का?

सातबारावर नसते. जात सापडते ती शाळेच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यात आणि जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदीत, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये. काही भागांत त्याला कोतवाल बुक म्हणतात. ती तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात आणि पुष्कळ ठिकाणी मोडीत आहेत. २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदी शोधताना याच पुस्तकांचा मोठा आधार झाला.

पुरावा कोणत्या तारखेच्या आधीचा हवा ते प्रवर्गावर ठरतं : अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. नोंद वडिलांकडच्या रक्तनात्यातली हवी, आणि त्या माणसाशी तुमचं नातं दाखवणारी वंशावळ शपथपत्रावर जोडावी लागते. नोंद सापडते पण नातं जुळवता येत नाही, इथे बरीच प्रकरणं अडतात. ते नातं जुळवायला वारस फेरफार कामी येतो (प्रश्न ५).

१२. जुन्या खरेदीखताची नक्कल कशी मिळेल?

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सेवेत गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकून सूची क्रमांक दोन, म्हणजे सगळे म्हणतात तो इंडेक्स टू, पाहता येतो. शोध एकेका वर्षाचा असतो. “४५/२” दिसलं नाही तर “४५” आणि “४५-२” टाकून पाहा. संगणकीकरणाआधीचे दस्त तिथे नसतात. त्यासाठी दुय्यम निबंधक कार्यालयात शोध फी भरून पुस्तकं चाळायची. मिळकतीच्या दस्ताची नक्कल कोणालाही मिळते, पक्षकार असण्याची गरज नाही.

जमीन घेणाऱ्याने निदान ३० वर्षांचा शोध घ्यावा. इथे पैसे वाचवू नका.

१३. वडिलांनी मृत्युपत्र नोंदवलं होतं असं ऐकलंय. मला प्रत मिळेल का?

वडील हयात असतील तर त्यांना किंवा त्यांच्या मुखत्यारालाच मिळेल. त्यांच्या पश्चात मृत्यूचा दाखला जोडून कोणीही अर्ज करू शकतं. मृत्युपत्रं वेगळ्या पुस्तकात नोंदवली जातात, म्हणून इंडेक्स टूमध्ये दिसत नाहीत. मिळकतीशी संबंध नसलेल्या मुखत्यारपत्रासारख्या दस्तांची नक्कल फक्त पक्षकारांना मिळते. आणि मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, तेव्हा कार्यालयात सापडलं नाही म्हणजे ते नव्हतंच असं होत नाही.

१४. जमिनीवर कोर्टात दावा चालू आहे का, हे घरबसल्या कसं कळेल?

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडून पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाका. प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो एकदा मिळाला की पुढची तारीख, रोजनामा, निकाल त्यावरच दिसतात. नाव इंग्रजी अक्षरांत भरलेलं असतं, म्हणून दोन-तीन स्पेलिंग करून पाहा. विकणाऱ्याच्या भावांच्या आणि बहिणींच्या नावानेही शोधा, दावा त्यांनी लावलेला असतो.

तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी यांच्यापुढची महसुली प्रकरणं यात येत नाहीत. त्यांच्यासाठी ई-क्यूजे कोर्ट हे वेगळं पोर्टल आहे. उच्च न्यायालयाचं संकेतस्थळ स्वतंत्र.

१५. मी पक्षकार नाही. तरी निकालाची नक्कल मिळेल का?

निकाल आणि हुकूमनाम्याची मिळू शकते. नक्कल विभागात अर्ज करा, कशासाठी हवी ते स्पष्ट लिहा. चालू प्रकरणातले कागद मात्र न्यायालयाच्या परवानगीनेच मिळतात, आणि एखाद्याने हजर केलेला खाजगी दस्तऐवज सहजी मिळत नाही. कौटुंबिक, बालकांची आणि लैंगिक अत्याचाराची प्रकरणं बाहेरच्यांसाठी बंद असतात, आणि ती तशीच असायला हवीत.

१६. माझ्या नकळत जमिनीवर नोंद होऊ नये म्हणून काय करू? आणि सातबारावर नाव लागलं म्हणजे मालकी झाली का?

नोंद मंजूर होण्याआधी संबंधितांना नोटीस देऊन हरकतीसाठी १५ दिवस ठेवावे लागतात. त्या नोटिसा “आपली चावडी” या संकेतस्थळावर गावनिहाय दिसतात. महिन्यातून दोनदा आपलं गाव उघडून बघा. पुण्या-मुंबईला राहणाऱ्यांनी तर नक्कीच. हरकत लेखी द्या, पोच घ्या.

सातबारावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे. पण ती मालकीचा दस्त नाही, मालकी हक्काचा वाद दिवाणी न्यायालयातच सुटतो. निव्वळ लेखनचूक असेल तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्ती होते. फेरफारच चुकीचा मंजूर झाला असेल तर कलम २४७ चं अपील करा. मुदत टळली असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत द्या, आणि चूक कधी व कशी कळली ते तारखेनिशी लिहा.

१७. आमचं मूळ गाव गोव्यात आहे. तिथे सातबारा मिळतो का?

तिथे त्याच्या जागी फॉर्म एक व चौदा असतो, आणि शहरी भागात फॉर्म डी. ते ऑनलाइन पाहता येतात. १९६१ च्या आधीचं बघायचं तर पोर्तुगीज दप्तर : मात्रीझ हा कराचा कागद, आणि देश्क्रिसांव व इन्स्क्रिसांव हे जमीन नोंदणीचे. नोंदणीचे कागद दिवाणी निबंधकाकडे मिळतात. जमीन कोमुनिदादीची, म्हणजे गावकऱ्यांच्या जुन्या सामायिक संस्थेची असेल तर त्यांच्या कार्यालयातही विचारा.

१८. आम्ही परदेशात राहतो. कागद काढायला यावं लागेल का?

नुसत्या उताऱ्यांसाठी नाही. डिजिटल सहीचे कागद कुठूनही निघतात (प्रश्न ३), आणि अभिलेख कक्षातल्या नकलेसाठी गावातला भाऊ किंवा भाचा स्वतःच्या नावाने अर्ज करू शकतो, कारण अभिलेख सर्वांना खुले आहेत (प्रश्न २). दावा, अपील किंवा व्यवहार करायचा असेल तर मुखत्यारपत्र लागतं. ते भारतीय वकिलातीत करा, किंवा तिथल्या नोटरीसमोर करून ॲपोस्टील, म्हणजे परदेशी दस्त खरा असल्याचा तिथल्या सरकारचा दाखला घ्या. महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याचं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. मुखत्यारपत्रात कोणता गट, कोणतं काम, एवढंच लिहा. “सर्व मिळकतींबाबत सर्व अधिकार” असं लिहून देऊ नका, समोर सख्खा भाऊ असला तरी.